गाजर आधी जांभळं होतं!

कुठल्याही मुलाला गाजर रंगवायला सांगा, हात केशरी खडूकडेच जाणार. पण केशरी गाजर तसं नवखंच. सुमारे ११०० वर्षांपूर्वी आजच्या इराण-अफगाणिस्तानच्या पट्ट्यात गाजराची लागवड रुळली तेव्हा गाजरं जांभळी आणि पिवळी होती. केशरी वाण युरोपात, मुख्यतः नेदरलँड्समध्ये, सोळाव्या-सतराव्या शतकात स्थिरावले. डचांनी ते राजघराण्याच्या मानासाठी घडवले, ही गोष्ट मात्र नुसती ऐकीव; पुरावा नाही.

जांभळ्या गाजराचा रंग अँथोसायनिनचा, तोच आपल्या जांभळात. केशरी बीटा-कॅरोटीनमुळे, लाल लायकोपीनमुळे. टोमॅटोही त्यानेच लाल होतो.

थंडीत मंडईत येणारं ते लांब, लालभडक गाजर माझं लाडकं. वर्षभर मिळणाऱ्या केशरी गाजरापुढे त्याला गावठी म्हणून बाजूला सारणं चूक आहे. ते आपल्या मैदानी हवेत फुलतं, बीही धरतं. शेतकऱ्याला घरचं बी राखता येतं. युरोपीय केशरी वाणांना फुलोऱ्यासाठी कडक थंडी लागते, म्हणून त्यांचं बी हिमाचल-काश्मीरच्या डोंगरांत तयार करतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पूसा रुधिरा’ हा लाल आणि ‘पूसा असिता’ हा काळा वाण दिलाय. काळ्या गाजराची मोहरी घालून आंबवलेली कांजी उत्तरेत होळीच्या सुमारास पितात.

गाजर फुलू दिलं तर पांढऱ्या फुलांची छत्री उघडते. कोथिंबीर, शेपू, जिरं, ओवा, बडीशेप सगळी त्याचीच भावंडं!

गाजर खाऊन अंधारात दिसतं? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपल्या वैमानिकांबद्दल हीच हवा केली. रात्री शत्रूची विमानं हेरायचं खरं काम करत होतं विमानातलं रडार. बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं आणि ते कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, एवढं मात्र खरं. हे कॅरोटीन शिजवल्यावर आणि स्निग्ध पदार्थासोबत जास्त अंगी लागतं. म्हणजे तुपात परतलेला हलवा नुसती चैन नाही, आणि कोशिंबिरीवरची फोडणीही शोभेची नाही.

आणि गाजराची पुंगी? ती खरंच वाजते. व्हिएन्नातला १९९८ साली सुरू झालेला भाज्यांचा वाद्यवृंद गाजरं कोरून बासऱ्या करतो, भरल्या सभागृहात वाजवतो आणि कार्यक्रम संपला की श्रोत्यांना भाज्यांचं गरमागरम सूप पाजतो. वाजलीही, खाल्लीही!