व्यवहारातील नकार

नोकरीवर विसंबून न राहता आपल्या मुलांनी व्यवसायात उतरावे, असे आपण नेहमी म्हणतो. ते योग्यच आहे. परंतु कोणता व्यवहार नाकारावा, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

आपल्या जुईनगरशेजारी तुर्भ्याला 'टोरेस'चे दागिन्यांचे दुकान होते. मोइसनाइट खडे घेणाऱ्यास दर आठवड्याला सहा टक्के परताव्याचे आमिष होते. जानेवारी 2025 मध्ये पैसे थांबले, दादरच्या दुकानासमोर गर्दी लोटली, गुन्हे दाखल झाले. आठवड्याला सहा टक्के म्हणजे वर्षाला 312 टक्के! बँकेची मुदत ठेव तेव्हा सात टक्क्यांच्या आसपास होती. एवढा गुणाकार केला असता तरी पुष्कळांचे पैसे वाचले असते.

तथागतांनी गृहस्थांना या बाबतीत दोन कसोट्या दिल्या आहेत. पहिली शीलाची. अंगुत्तर निकायात उपासकाला शस्त्रे, जीव, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे. येथे नफ्याचा हिशेब मांडायचाच नाही.

दुसरी कसोटी सिगालोवाद सुत्तात आहे. कमाईचे चार भाग करावेत. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा आपत्तीसाठी राखून ठेवावा. आम्हांला वाटते, नकाराची रेषा येथेच आहे. जो व्यवहार या चौथ्या भागाला हात लावायला लावतो, तो नाकारावा.

समजा, एखाद्या तरुणाला कारखान्याकडून 10 लाखांची ऑर्डर मिळाली. माल, मजुरी, टेम्पो मिळून खर्च 9 लाख. पैसे चार महिन्यांनी मिळणार. 9 लाख 15 टक्क्यांनी कर्जाऊ काढले, तर चार महिन्यांचे व्याज 45 हजार. हाती 55 हजार उरतात. पण चाराचे नऊ महिने झाले की सगळा नफा व्याजात गेला. मग हप्त्यासाठी आईचे मंगळसूत्र किंवा वडिलांचा फंड मोडावा लागतो. 2006 च्या कायद्याने नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाला 45 दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क दिला आहे. त्याचे नाव काढताच समोरचा रागावला, तर ती ऑर्डर सोडलेली बरी.

जामीन राहण्याचेही तसेच. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. "नुसती सही तर करायची आहे," या शब्दांवर सही करून पुढे डोळ्यांत पाणी आणून काऊंटरवर आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

नाही म्हणताना आपल्याला संकोच वाटतो; नाते तुटेल, लोक गर्विष्ठ म्हणतील असे वाटते. अशा वेळी एवढेच म्हणावे, "कागद घरी नेतो, वाचून उद्या सांगतो." खरा व्यवहार एक दिवस थांबतो. जो थांबत नाही, त्याचे उत्तर तेथेच मिळाले असे समजावे.

विद्यार्थी मित्रांनो, धाडस जरूर करा. पण चौथा भाग राखून करा.

भवतु सब्ब मंगलम्! जयभीम!