जपानमध्ये आलेली रिदम गेम किनवटच्या मोबाईलवर वर्षभर उशिरा का पोहोचते?

किनवट म्हणजे नांदेड जिल्ह्याचं पार टोक. एका अंगाला पैनगंगा, दुसऱ्या अंगाला तेलंगणाची हद्द. आता समजा, इथल्या कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या पोराने रील्स बघता बघता एक जपानी गेम बघितली. स्क्रीनवरून गाण्याच्या ठेक्यात ठिपके खाली येतायत, खेळणारा दोन्ही अंगठ्यांनी ते अचूक टिपतोय, गाणंही भारी आहे. पोरगं लगेच प्ले स्टोअर उघडतं, नाव टाकतं आणि उत्तर मिळतं की ही गेम तुमच्या देशात उपलब्ध नाही.

मग सुरू होतं वाट बघणं. कधी सहा महिने, कधी वर्ष, कधी चार वर्षं. आणि काही गेम तर कधीच येत नाहीत.

इंटरनेट सगळीकडे एकच असेल, तर टोकियोतला पोरगा आज खेळतोय ती गेम किनवटच्या पोराला आजच का मिळत नाही? याचं उत्तर गेमच्या प्रोग्रॅमिंगमध्ये शोधून सापडणार नाही. ते गाण्याच्या कागदपत्रांत आहे.

आधी रिदम गेम म्हणजे काय ते बघू

साधी व्याख्या करायची तर ज्या गेममध्ये जिंकणं-हरणं तालावर ठरतं, ती रिदम गेम. मोबाईलवर काळ्या फरशा दाबत जायची पियानोची गेम तुम्ही खेळला असाल, तर तुम्हीही याच बिरादरीतले.

हा प्रकार रुजला जपानमध्ये. १९९६च्या डिसेंबरात प्लेस्टेशनवर 'पॅरापा द रॅपर' आली. टोपी घातलेलं एक कुत्र्याचं पिल्लू रॅप शिकतं आणि खेळणाऱ्याने तालावर बटणं दाबायची. अमेरिकेत ती पोहोचायला १९९७ उजाडलं. त्याच वर्षी कोनामी कंपनीने 'बीटमॅनिया' काढली आणि १९९८ मध्ये 'डान्स डान्स रेव्होल्युशन'. मॉलमध्ये पायाने बाण दाबत नाचायचं मशीन दिसतं, ते हेच किंवा याचंच भावंडं. २००१ मध्ये नामकोने 'ताइको नो तात्सुजिन' आणली. यात समोर खराखुरा ढोल असतो आणि काठ्यांनी तो वाजवायचा. ढोल-ताशा पथकातल्या पोरांना ही गेम समजावून सांगायची गरजच पडणार नाही.

पेटी यायची वाट

तालुक्याच्या गावाला वाट बघणं नवं नाही. पूर्वी पिक्चर आधी मुंबई-पुण्यात लागायचा, मग जिल्ह्याला, आणि रिळांची पेटी तालुक्याला पोहोचेपर्यंत त्याची गाणी लग्नाच्या बँडवर वाजून जुनी झालेली असायची. प्रिंट महाग, तिच्या प्रती मोजक्या, म्हणून एकच पेटी गावोगाव फिरायची. पुढे २००५ नंतर उपग्रहावरून पिक्चर थेट थिएटरात उतरवायची सोय आली आणि पेटीचा जमाना संपत गेला.

म्हणजे ती वाट अंतराची होती. गेमच्या बाबतीत अंतराचा प्रश्न कधीच मिटलाय. गेमची फाईल टोकियोतून काय आणि नांदेडातून काय, मोबाईलवर उतरायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

'जपानचा सर्व्हर लांब आहे म्हणून टॅप उशिरा लागतो' अशी अनेकांची समजूत असते. तीही बरीचशी चुकीची आहे. तुम्ही ठिपका वेळेवर दाबला की नाही, हे साधारणपणे तुमचा फोनच ठरवतो. सर्व्हरकडे नंतर स्कोअर जातो. 'डान्स डान्स रेव्होल्युशन'सारख्या गेममध्ये सगळ्यात वरचा शेरा मिळवायचा, तर चूक सेकंदाच्या साठाव्या भागाइतकीच चालते. एवढी बारीक मोजणी इंटरनेटच्या भरवशावर कुणी ठेवणार नाही. ठेका चुकतो तो बहुतेक वेळा ब्लूटूथ इअरफोनमुळे, कारण त्यात आवाजच उशिरा पोहोचतो. वायरचा इअरफोन लावून बघा, निम्मी तक्रार जागीच मिटेल.

मग अडतं कुठे?

गाण्यावर. एका गाण्यात किमान दोन वेगवेगळे हक्क असतात. पहिला शब्द आणि चालीचा, म्हणजे गीतकार-संगीतकाराचा किंवा ज्या प्रकाशन कंपनीकडे त्यांनी तो सोपवला तिचा. दुसरा रेकॉर्डिंगचा, जो बहुधा म्युझिक कंपनीकडे असतो. गेममध्ये गाणं घ्यायचं तर दोघांचीही परवानगी लागते. वरून ते चित्राला आणि खेळाला जोडायची परवानगी वेगळी. आणि हे सगळं देशागणिक. जपानपुरता केलेला करार भारतात चालत नाही, कारण कॉपीराईटचा कायदा प्रत्येक देशाचा आपापला. आपल्याकडे १९५७चा कायदा आहे. २०१२ मध्ये त्यात बदल होऊन गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला हिस्सा पक्का झाला. तो त्यांना लिहून द्यायलाही परवानगी नाही. हे चांगलंच झालं, पण बाहेरच्या कंपनीसाठी टेबलावर बसणारी माणसं वाढली हेही तितकंच खरं.

याचा नमुना मुंबईतच घडलाय. स्पॉटिफाय हे गाण्यांचं ॲप स्वीडनमध्ये २००८ मध्ये सुरू झालं आणि भारतात यायला २०१९चा फेब्रुवारी उजाडला. तेव्हाही वॉर्नर/चॅपेल या संगीत प्रकाशन कंपनीशी करार ठरलेला नव्हता. स्पॉटिफायने भारतीय कायद्यातल्या ३१-ड या कलमाचा आधार घेतला. प्रसारण करणाऱ्याला ठरावीक रॉयल्टी भरून गाणी वाजवता यावीत, यासाठीचं ते कलम. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने ॲप सुरू होणं थांबवलं नाही, पण वॉर्नर म्युझिकची गाणी सुरुवातीला त्यावर नव्हती. २०२० मध्ये समझोता झाला आणि तो विषय मिटला. तोपर्यंत मुंबईपासून किनवटपर्यंत सगळ्यांच्या फोनवर तीच गाणी गायब होती. इथे शहर-खेडं असा भेद नसतो, एवढाच काय तो दिलासा.

स्पॉटिफायला निदान उरलेल्या गाण्यांवर धंदा सुरू करता आला. रिदम गेमची गोष्ट जास्त अवघड. क्रिकेटच्या गेममध्ये पार्श्वसंगीताचं गाणं अडलं तर दुसरं टाकता येतं, खेळ तोच राहतो. रिदम गेममध्ये गाणं हीच लेव्हल असते. कुठल्या मात्रेवर कुठला ठिपका यावा, हे कुणीतरी ते गाणं शेकडो वेळा ऐकून हाताने मांडलेलं असतं. गाणं काढलं की ती सगळी मेहनत बाद. म्हणून कंपन्या एक तर करार पूर्ण व्हायची वाट बघतात, नाहीतर काही गाणी गाळून गेम आणतात, नाहीतर सरळ नाद सोडतात.

किनवटकरांना अशा कागदावरच्या रेषा ओळखीच्या असतील. हैदराबाद राज्यात हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला आला. कचेऱ्या बदलल्या. पण दिवाळीत गोंड वस्त्यांवर होणारी दंडारी आणि तिच्यातले मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी रेषेच्या दोन्ही बाजूंना नाचतच राहिले. तिथल्या ढोलाला कुणाची सही लागली नाही. म्युझिक कंपनीच्या गाण्याला लागते.

ज्यांची गाणी स्वतःची, त्यांना घाई सोपी

याची उलटतपासणीही करता येते. तैवानच्या रायार्क कंपनीने २०१२ मध्ये 'सायटस' आणि २०१३ मध्ये 'डीमो' काढली. त्यात टीव्हीवरची हिट गाणी नव्हती. भर होता गेमसाठी संगीतकारांकडून करून घेतलेल्या संगीतावर. परिणामी या गेम देशोदेशीच्या स्टोअरवर फार अडथळा न येता पोहोचल्या. तुम्हाला वाट बघायचा कंटाळा असेल, तर असल्या गेमपासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

उलट हात्सुने मिकूचं बघा. मिकू ही क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीची, २००७ मध्ये आलेली, संगणकाच्या आवाजात गाणारी गायिका. तिच्यासाठी गाणी रचतात शेकडो वेगवेगळे संगीतकार, त्यामुळे हक्कही तितक्याच ठिकाणी विखुरलेले. तिची पहिली 'प्रोजेक्ट दिवा' गेम २००९ मध्ये जपानमध्ये आली. पश्चिमेकडच्या देशांत या मालिकेतली गेम अधिकृतपणे मिळायला २०१३ उजाडलं.

पुढची मोबाईल गेम 'प्रोजेक्ट सेकाई' जपानमध्ये ३० सप्टेंबर २०२० ला आली. तिची इंग्रजी आवृत्ती 'कलरफुल स्टेज' ७ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे चौदा महिने. या गेममध्ये गाण्यांबरोबर पात्रांच्या लांबलचक कथाही आहेत. त्यांचं भाषांतर हे वेगळंच काम. त्यातही जपानी आवृत्तीतली सगळी गाणी इंग्रजीत आली नाहीत.

उशिरा येण्याचा एक फायदा, आणि एक फटका

इंग्रजी आवृत्ती जपानच्या साधारण वर्षभर मागे चालते. यातून एक गंमत झाली. अशा गेममध्ये 'गाचा' नावाचा प्रकार असतो. पैसे किंवा गेममध्ये साठवलेले हिरे टाकायचे आणि कुठलं कार्ड निघतं ते नशिबावर. जत्रेतल्या सोडतीसारखंच. जपानी खेळाडूला उद्या काय येणार हे माहीत नसतं. वर्षभर मागे असलेल्याला मात्र पुढचं सगळं पंचांग पाठ. कुठलं कार्ड कुठल्या महिन्यात येणार हे बघून तो हिरे साठवून ठेवतो. गरीब खेळाडूला याहून मोठी सवलत कुठली कंपनी देणार नाही.

पण वाट बघण्याचा फटकाही तितकाच खरा. 'लव्ह लाईव्ह' ही जपानमधली गाजलेली मालिका. तिची पहिली रिदम गेम २०१३ मध्ये जपानमध्ये आली, २०१४ मध्ये इंग्रजीत, आणि २०२३च्या ३१ मार्चला बंद झाली. लगेच एप्रिलमध्ये जपानात दुसरी गेम सुरू झाली. बाहेरच्या चाहत्यांना सांगितलं होतं, तुमचीही आवृत्ती येतेय. ते थांबले. २०२४च्या जानेवारीत घोषणा आली की जागतिक आवृत्ती फेब्रुवारीत येणार, आणि त्याच घोषणेत पुढे लिहिलं होतं की ती ३१ मे २०२४ ला बंद होणार. बारशाच्या पत्रिकेवरच तेराव्याची तारीख! जपानी आवृत्ती तर त्याआधीच, ३१ मार्चला संपली.

असल्या गेम सर्व्हरवर चालतात. सर्व्हर बंद झाला की घेतलेली कार्डं, भरलेले पैसे, मिळवलेले स्कोअर, काहीच हातात राहत नाही. घरी ठेवायला कॅसेटही नसते.

जुगाड चालतो का?

चालतो, पण किंमत मोजून. पहिला मार्ग प्ले स्टोअरवरचा देश बदलण्याचा. गूगल हे वर्षातून एकदाच करू देतं. त्या देशातली पैसे भरायची सोय लागते आणि जुन्या देशातली शिल्लक तोवर वापरता येत नाही. म्हणजे एका गेमसाठी देश बदलला आणि नंतर पस्तावलात, तर वर्षभर अडकलात. रोजचं यूपीआय जपानच्या स्टोअरवर कामाला येणार नाही.

दुसरा मार्ग बाहेरून एपीके फाईल उतरवण्याचा. ती फाईल मूळ कंपनीचीच आहे, मध्ये कुणी काही घुसवलेलं नाही, याची खात्री कोण देणार? ज्या फोनवर बँकेचं ॲप आहे, त्याच फोनवर हा प्रयोग करणं महागात पडू शकतं. शिवाय अनेक जपानी गेमच्या नियमांत त्या जपानबाहेर खेळायला मनाई असते आणि खातं बंद झालं तर दाद मागायची जागा नसते. 'प्रोजेक्ट सेकाई'सारख्या गेममध्ये जपानी खातं इंग्रजी आवृत्तीत नेताही येत नाही. दोन वर्षं खेळलेलं सगळं तिकडेच राहतं.

कॉम्प्युटर असलेल्यांची स्थिती बरी आहे. मिकूची 'मेगा मिक्स प्लस' मे २०२२ मध्ये स्टीमवर आली. 'ताइको नो तात्सुजिन'ची 'रिदम फेस्टिव्हल' ही गेम २०२२ मध्ये फक्त स्विचवर होती, ती २०२४ मध्ये कॉम्प्युटरवर आली. एकदा विकत घ्यायची आणि खेळायची, सोडतीचा भाग नाही.

जी कधीच आली नाही, तिची गोष्ट

२००५च्या जुलैमध्ये निन्टेंडो डीएसवर 'ओसु! ताताकाए! ओएंदान' नावाची गेम आली. काळे कोट घातलेलं एक चिअर करणारं पथक संकटात सापडलेल्या माणसांना नाचून धीर देतं, असा तिचा मामला. गाणी सगळी जपानी. तिची परदेशी आवृत्ती निघालीच नाही. पण डीएसला देशाचं कुलूप नव्हतं, त्यामुळे बाहेरच्या लोकांनी जपानी डबे मागवून मागवून ती खेळली. ती मागणी बघून त्याच स्टुडिओने २००६ मध्ये इंग्रजी गाणी आणि कोट-टायवाले एजंट घालून 'एलिट बीट एजंट्स' ही नवी गेम केली. गाणी बदलली म्हणजे पात्रांपासून लेव्हलपर्यंत सगळं नव्याने उभं करावं लागलं.

ऑस्ट्रेलियातल्या डीन हर्बर्टला मात्र ओएंदानसारखंच काहीतरी कॉम्प्युटरवर हवं होतं. त्याने २००७ मध्ये स्वतःच एक गेम लिहिली आणि तिचं नाव ठेवलं 'ओसू'. ती फुकट आहे. जगभरातले खेळाडू गाण्यांवर आपापले ठिपके मांडून त्यात टाकतात. हक्कांचा प्रश्न तिलाही सुटला नाही. म्हणून तिने काही संगीतकारांशी रीतसर करार करून त्यांची गाणी वापरायला मोकळी केली आहेत. ती मांडायला जपानची परवानगी लागत नाही. साधा कॉम्प्युटर, माऊस आणि गाणं पुन्हा पुन्हा ऐकायची चिकाटी असली की किनवटमध्ये बसूनही ठिपके मांडता येतात.

मूळ ओएंदान आजपर्यंत जपानबाहेर अधिकृतपणे आलेली नाही.