दाबाचे दुखणे, दाराशी औषध

शिरोड्यासारख्या वाहिनीच्या टोकाच्या गावी दिवे मंदावले की वीजनिर्मितीस दोष दिला जातो. हे निदान पुष्कळदा अपुरे असते. बागायतीतील पंपांना पाणी उपसण्याच्या शक्तीखेरीज चुंबकक्षेत्र राखणारी ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ शक्तीही लागते. ती स्वतः काम करीत नाही. परंतु तिच्या येरझाऱ्यांनी तारांतील प्रवाह वाढतो, दाब घसरतो आणि मोटारी जळतात. कोयनेची वीज दूरवर नेता येते. ही शक्ती मात्र जवळच पुरवावी लागते. कपॅसिटर ते काम करतो. तथापि दाब 10 टक्के घटला की त्याचे साहाय्य 19 टक्क्यांनी घटते. म्हणून तजवीज आधीच हवी.

जुलै 1987 मध्ये टोकियोत वातानुकूलन यंत्रांचा भार झपाट्याने वाढून दाब कोसळला आणि लाखो ग्राहकांची वीज गेली. उलट, 28 एप्रिल 2025 रोजी स्पेन व पोर्तुगालमध्ये दाब अनावर चढल्याने अंधार पसरला. तेव्हा भार ओसरताच कपॅसिटर वेगळा करणेही अगत्याचे आहे.

पंपापाशी कपॅसिटर ग्राहकाने राखावा, उपकेंद्रातील महावितरणाने. मीठ गावातच पिकविणाऱ्या शिरोड्यास या स्वावलंबनाचे मोल निराळे सांगावयास नको.