वाडा टिकतो लाकडाच्या टोकांवर

पुण्याच्या सदाशिव पेठेतील विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये स्वतःच्या राहण्यासाठी बांधून घेतला. शनिवारवाडा सत्तेचा, हा घरचा. खर्च सुमारे दोन लाख रुपये, मजले तीन, बांधकाम वीस हजार चौरस फुटांच्या आसपास. दर्शनी बाजूला सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब, महिरपी आणि पुढे आलेला सज्जा. उत्तर पेशवाईतील श्रीमंती राहणी समजून घ्यायला महाराष्ट्रात याहून चांगली उभी वास्तू मिळणे कठीण.

मालकाला हे घर जेमतेम अकरा वर्षे लाभले. इंग्रजांपुढे माघार घेत गेलेला बाजीराव जून १८१८ मध्ये असीरगडाच्या परिसरात इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. पेशवा बिठूरला गेला आणि ऑक्टोबर १८२१ मध्ये वाड्यात संस्कृत पाठशाळा भरू लागली, जिच्यातून पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. १८७९ च्या आगीत वाड्याची पूर्वेकडची बाजू जळाली. लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशातून ती पुन्हा उभारली गेली. नंतर बराच काळ येथे पालिकेच्या कचेऱ्या होत्या. या शतकाच्या सुरुवातीला महापालिकेने वाड्याच्या जतनाचे काम हाती घेतले.

अशा कामात सर्वांत अवघड जागा नक्षीची नसते. ती असते भिंतीत शिरलेल्या लाकडाच्या टोकांची. वाड्याचा भार खांब आणि तुळया पेलतात. तुळयांवर कडीपाट, त्यावर मातीचा थर. विटांच्या भिंती बहुतेक ठिकाणी या सांगाड्यामधली जागा भरतात. तुळईचे टोक भिंतीत जिथे बसते तिथे ओल धरते, आणि कुजणे तिथूनच सुरू होते. वरून तुळई ठणठणीत दिसते, टोक मात्र भुसा झालेले असते. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. सिमेंटचा गिलावा ती आत कोंडतो, म्हणून भिंत चकचकीत होते आणि लाकूड सडते. जाणकार सुतार अख्खी तुळई फेकत नाही. कुजलेला भाग कापून त्याच जातीचे जुने लाकूड सांध्याने जोडतो. चुनाही विरवून मुरू द्यावा लागतो. या कामाला वेळ लागतो, आणि निविदेची मुदत नेमकी तोच वेळ देत नाही.

लाकडाच्या टोकांचा हा प्रश्न खानदेशातही आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यांत धुळे-जळगावचा एकही नाही. खानदेशाची खरी वास्तुसंपत्ती गावठाणांत आहे: अमळनेर, एरंडोल, चोपडा, जुने धुळे, जुने जळगाव. येथील घरांची घडण पुण्याहून वेगळी. पाऊस कमी, म्हणून उतरते कौलारू छप्पर न घेता सपाट धाबे. लाकडावर मातीचा जाड थर आणि पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढऱ्या मातीची नवी भर. हा जाड थर उन्हाळ्याचा ताप अडवतो. ही दरवर्षीची भर थांबली की धाबे गळते, पाणी तुळयांच्या टोकांशी पोहोचते आणि घरमालक स्लॅबचा विचार करू लागतो. स्लॅबचे वजन जुन्या खांबांवर टाकणे सर्वांत घातक. विश्रामबागवाड्यासाठी महापालिकेची तिजोरी होती. धाब्याच्या घरासाठी मालकाला माती, चुना आणि सांधा जाणणारा सुतार गावातच मिळायला हवा. असे सुतार खानदेशात अजून आहेत तोवर त्यांच्या हाताखाली तरुण तयार करण्याचे काम आयटीआयने आणि नगरपालिकांनी हाती घ्यावे.