पाना एकाचा, गाडी पाच जणांची

वेल्डिंग मशीन वर्षातून किती दिवस चालते? वर्कशॉपमध्ये रोज. हौशी माणसाच्या घरी मात्र दहा-बारा दिवस. उरलेले साडेतीनशे दिवस ते जुन्या चादरीखाली पडून असते आणि त्यात घातलेले पैसेही त्याच्याबरोबर पडून असतात. बँकेत ठेवले असते तर थोडे व्याज तरी मिळाले असते. म्हणूनच गाडी बांधण्याचा, जुनी जीप उभी करण्याचा किंवा शर्यतीची गाडी बनवण्याचा नाद असलेली माणसे आज ना उद्या एकत्र येतात. हत्यारे सामाईक करतात, एकमेकांचे हातचे काम वापरतात. यात बचत नक्की आहे. पण हिशेब आधी ठरला नाही तर पैसेही जातात आणि मैत्रीही जाते. या प्रकरणात आपण तो हिशेब पाहू.

बेंगळुरूत याचे चांगले उदाहरण आहे. म्हैसूर रोडवरच्या आर. व्ही. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये 'अश्व रेसिंग' नावाचा विद्यार्थ्यांचा गट २००३ पासून शर्यतीच्या गाड्या बांधतो आहे. दरवर्षी नवी मुले येतात, जुनी पास होऊन जातात. हत्यारे आणि अनुभव मागे राहतात. अशा गटांसाठी 'फॉर्म्युला भारत' ही स्पर्धा कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होते. खातेदारांना आवडेल अशी एक गोष्ट तिच्या नियमांत आहे. एकूण १००० गुणांपैकी १०० गुण गाडीच्या खर्चाच्या हिशेबाला आणि ७५ गुण व्यवसायाची योजना मांडण्याला असतात. गाडी कितीही पळाली तरी प्रत्येक सुट्या भागाची किंमत आणि तो बनवण्याची पद्धत कागदावर दाखवावी लागते, परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. वीस-बावीस वर्षांची मुले नट-बोल्टपर्यंतचा खर्च लिहितात. आपल्यापैकी किती जण घराच्या रंगकामाचा हिशेब इतका नीट ठेवतात?

कॉलेजमागे संस्था असते. पाच मित्रांच्या गटामागे फक्त पाच मित्र असतात. त्यामुळे पुढचे सगळे त्यांच्यासाठी आहे.

वर्गणी किती, झीज किती

समजा, पाच जणांनी मिळून एक वेल्डिंग मशीन, उभे ड्रिल, दोन ग्राइंडर, जॅक व स्टँड आणि एक टॉर्क पाना घेतला. सगळे मिळून ६०,००० रुपये झाले. (आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, आपल्या बाजारातले भाव घालून पाहावेत.) प्रत्येकाचा वाटा १२,००० रुपये. एकट्याने घेतले असते तर ६०,००० अडकले असते. म्हणजे प्रत्येकाचे ४८,००० रुपये मोकळे राहिले. ही खरी बचत आहे, पण ती दिसत नाही म्हणून ती लगेच दुसऱ्या कशावर तरी उडते. ते पैसे त्याच आठवड्यात आवर्ती ठेवीत किंवा मुदत ठेवीत गेले तरच बचत म्हणायची.

एक सांगून ठेवतो. हे १२,००० रुपये आजारपणासाठी किंवा नोकरी गेल्यास लागतील म्हणून बाजूला ठेवलेल्या रकमेतून काढू नयेत. हत्यार अडचणीच्या दिवशी निम्म्या भावातही विकले जाईलच असे नाही.

हत्यारे झिजतात. त्यासाठी वर्षाला किमतीच्या १० टक्के, म्हणजे ६,००० रुपये दुरुस्तीसाठी धरले तर प्रत्येकाला महिन्याला १०० रुपये पडतात. शंभर रुपये कोणाला जड नाहीत. पण ते दर महिन्याला ठरल्या तारखेला भरले नाहीत, तर मशीन बिघडेल त्या दिवशी अचानक पाच-सहा हजार मागावे लागतात, आणि नेमके त्या महिन्यात कोणाच्या तरी मुलाची फी भरायची असते.

दुसरा प्रश्न आत येण्याचा आणि बाहेर पडण्याचा. बेंगळुरूत बदली, नवी नोकरी, परदेश हे रोजचेच आहे, म्हणून हा प्रश्न इथे लवकर येतो. जाणारा म्हणतो, "माझे बारा हजार द्या." राहणारे म्हणतात, "हत्यारे तर जुनी झाली." दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. यावर सोपा उपाय म्हणजे दरवर्षी शिल्लक किंमत १५ टक्क्यांनी कमी धरायची. आयकरात सर्वसाधारण यंत्रसामग्रीचा घसारा याच दराने धरतात, त्यामुळे हा आकडा कोणी मनाने काढला असे होत नाही. पहिल्या वर्षाअखेर ६०,००० चे ५१,००० होतात, दुसऱ्या वर्षी ४३,३५०, तिसऱ्या वर्षी सुमारे ३६,८४८. तीन वर्षांनी जाणाऱ्याचा वाटा सुमारे ७,३७० रुपये. दुरुस्तीच्या खात्यात शिल्लक असेल तर तिचा पाचवा हिस्सा वेगळा.

कोणी गेले नाही आणि सहावा सभासद आला तर? तर ३६,८४८ ला सहाने भागायचे. त्याने सुमारे ६,१४१ रुपये द्यायचे आणि जुन्या पाच जणांना प्रत्येकी सुमारे १,२२८ परत मिळतात. नव्या माणसाकडून नव्या मशीनचा भाव घेणे हा अन्याय आहे. त्याला फुकट घेणे हा जुन्यांवर अन्याय आहे.

एखाद्याकडे आधीच ड्रिल असते आणि तो म्हणतो, "माझा वाटा म्हणून हे धरा." धरायला हरकत नाही, पण खरेदीच्या बिलावरून नव्हे. जे. सी. रोडच्या किंवा जुन्या बाजारातल्या दोन दुकानांत आज त्याचे काय येतील ते विचारावे आणि मधला आकडा धरावा. नाहीतर ते ड्रिल त्याच्याच मालकीचे राहू द्यावे आणि वापराचे ठरलेले भाडे त्याला द्यावे. दोन्हीपैकी काय, हे पहिल्याच दिवशी लिहावे. "आपलेच आहे, वापरा" या वाक्यातून जितकी भांडणे झाली असतील तितकी पैशातून झाली नसतील.

वही

एक साधी दोनशे पानी वही पुरते. हत्यार नेले कोणी, कधी, परत कधी आणले, कोणत्या अवस्थेत आणले. एवढ्या नोंदींनी निम्मे वाद मिटतात. वेल्डिंगची तार, गॅस, ग्राइंडरच्या चकत्या, ड्रिलची पाती, हातमोजे या संपणाऱ्या वस्तू आहेत. त्यांचा खर्च सगळ्यांत समान वाटू नये, वापरणाऱ्याने द्यावा. ज्याने महिन्यात दहा चकत्या संपवल्या आणि ज्याने एकही वापरली नाही ते दोघे सारखेच पैसे देत राहिले तर दुसरा सहा महिन्यांत गट सोडतो, आणि कारण सांगत नाही.

तुटले तर? वापरून झिजले असेल तर दुरुस्तीच्या निधीतून. उलटी जोडणी केली, पावसात ठेवले, परवानगीशिवाय बाहेरच्याला दिले, तर ज्याने केले त्याने. मधल्या प्रकरणांसाठी तिघांचे मत चालेल असे ठरवून टाकावे.

ज्यांना एवढा व्याप नको त्यांनी सभासदत्वावर चालणाऱ्या कार्यशाळा पाहाव्यात. हलसूर मेट्रो स्थानकाखाली 'वर्कबेंच प्रोजेक्ट्स' ही अशीच सामाईक कार्यशाळा उभी राहिली. अमेरिकेत बर्कलीच्या सार्वजनिक ग्रंथालयाने तर १९७९ पासून पुस्तकांसारखी हत्यारे घरी न्यायला द्यायला सुरुवात केली. भाडे आणि स्वतःचा वाटा यांची तुलना सोपी आहे. वर्षातले कामाचे दिवस मोजा, त्याला दिवसाचे भाडे गुणा आणि ते झीज अधिक दुरुस्तीच्या वर्षाच्या खर्चाशी ताडून पाहा. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी एका सभासदाची झीज १,८०० आणि दुरुस्ती १,२००, मिळून ३,००० रुपये होते. जागेचे भाडे आणि वीज यात धरलेली नाही. ती धरल्यावर पुष्कळदा भाड्याचीच कार्यशाळा स्वस्त पडते. ज्याच्या घराला मोकळे गॅरेज आहे त्याचे गणित वेगळे.

हातचे काम मोजायचे कसे

हत्याराची किंमत बाजारात कळते. वेल्डिंग येणाऱ्या माणसाच्या रविवारची किंमत कळत नाही. गटात एकाला वेल्डिंग येते, एकाला वायरिंग, एकाला इंजिन उघडता येते, एक रंगकामात तरबेज असतो, आणि एक असा असतो की ज्याला काहीच येत नाही पण तो चहा आणतो आणि आरटीओच्या रांगेत उभा राहतो. पहिल्यावर कामाचा भार वाढत जातो. वर्षभराने त्याला वाटू लागते की आपल्याला फुकट राबवले.

आपल्याकडे यावर जुना तोडगा आहे. महाराष्ट्रातल्या गावांत सावड असते: आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. इर्जिकीत सारे गाव एकाचे शेत नांगरते आणि तो जेवण घालतो. कर्नाटकातही शेतकरी 'मुय्याळू' या नावाने अशीच कामाची परतफेड करतात. या सगळ्यांत मोजमाप दिवसाचे असते, कारागिरीचे नसते. गाडीच्या गटातही तासांची नोंद ठेवावी आणि तास तासाला समान धरावा, असे माझे मत आहे. वेल्डिंगचा तास महाग आणि झाडलोटीचा स्वस्त असे करायला गेलात की प्रत्येक तासावर घासाघीस सुरू होते. ज्याला आपल्या कामाचा बाजारभाव हवा आहे त्याला सरळ मजुरी द्यावी आणि पावती घ्यावी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे येणारे काम दुसऱ्याला शिकवणे. एकालाच वेल्डिंग येत असेल आणि तो पुण्याला गेला, तर ३०,००० चे मशीन त्या दिवसापासून शोभेचे होते. कॉलेजच्या गटांना हे दरवर्षी भोगावे लागते, कारण शेवटच्या वर्षाची मुले जाणारच असतात. म्हणून प्रत्येक कामावर एक जाणता आणि एक शिकणारा अशी जोडी ठेवावी. शिकणाऱ्याचा तास मोजू नये, शिकवणाऱ्याचा दीडपट मोजावा.

पैसे कोणाच्या खात्यात

बहुतेक गटांत पैसे एकाच्या बचत खात्यात यूपीआयने जमा होतात. सोय म्हणून ठीक, पण त्या माणसाचे बरेवाईट झाले तर बँकेच्या नजरेत ती सगळी रक्कम त्याची. ती त्याच्या नॉमिनीकडे जाईल, आणि त्या घरच्यांना यातले काहीही माहीत नसेल. त्याच्यावर कर्ज असेल तर आणखी गुंता. म्हणून निदान दोघांच्या सहीने चालणारे संयुक्त खाते उघडावे. दोघांच्या सहीच्या खात्याला यूपीआय सहसा मिळत नाही. हीच अडचण इथे संरक्षण आहे. नोंदणी न केलेल्या गटाच्या नावानेही खाते उघडता येते. त्यासाठी ठराव, खाते चालवणाऱ्यांची ओळखपत्रे आणि पॅन किंवा फॉर्म ६० लागतो. आपल्या शाखेत विचारावे.

बँकेतील ठेवीला एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्थांतील ठेवींना हा विमा नाही, हे व्याजाचा मोठा आकडा पाहताना विसरले जाते.

महागडे यंत्र घेण्यासाठी भिशी लावायची असेल तर ती १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदलेली आहे का ते पाहावे. नोंद नसलेल्या भिशीत पैसे अडकले तर दाद मागणे फार कठीण. आणि गटाबाहेरच्या लोकांकडून "व्याज देतो" म्हणून पैसे घेऊ नयेत. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने तो थेट गुन्हा ठरू शकतो.

शेजाऱ्याची गाडी पैसे घेऊन दुरुस्त करू लागलात आणि नफा वाटून घेऊ लागलात, तर तो छंद राहत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे एका भागीदाराच्या चुकीची भरपाई सगळ्यांकडून वसूल होऊ शकते, अगदी घरच्या बचतीतूनही.

बांधलेल्या गाडीची किंमत

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून सुमारे साठ हजार रुपयांत छोटी जीप बनवली. २०२१ च्या अखेरीस ती देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तेव्हाच लिहिले होते की नियमांत बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या रस्त्यावरून थांबवली जाईल, आणि तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो दिली. असा बदली देणारा सगळ्यांना भेटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. बदललेल्या गाडीचा विम्याचा दावाही अडचणीत येतो. म्हणून घरी बांधलेल्या गाडीत घातलेले पैसे परत येतील असे धरू नये. ती ट्रॅकवर किंवा खाजगी जागेत चालवण्याची वस्तू आहे.

जुनी गाडी मूळ रूपात उभी करण्याला मात्र वाट आहे. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मोठे बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नोंदणीचे ५,००० रुपये. रोजच्या प्रवासाला किंवा धंद्याला ती वापरता येत नाही.

इथे शेवटचा पेच येतो. पैसे पाच जणांचे, रविवार पाच जणांचे, पण आरसीवर नाव एकाचे. कायद्याच्या लेखी गाडी त्याची. तो विकायला निघाला, किंवा त्याच्या वारसांनी मागितली, तर बाकी चौघांकडे दाखवायला काय असते? म्हणून कोणी किती पैसे घातले, विकल्यावर रक्कम कशी वाटायची आणि पाचांपैकी कोणाला पहिला घेण्याचा हक्क, एवढे स्टँप पेपरवर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. प्रत्येकाने एक प्रत घरी ठेवावी आणि ती कुठे ठेवली आहे ते घरातल्या एका माणसाला सांगावे.