तंबू चेट्टी स्ट्रीट, चहूबाजूंनी

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये तंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबाळ मंदिर आहे. ३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराजांनी इथे दर्शन घेतलं, असं मंदिराची परंपरा सांगते. त्यांच्या दक्षिण दिग्विजयावर मराठी वाचकांसाठी वेबपान करताना मला हा रस्ता ३६० अंशांत दाखवायचा होता. आत कॅमेरा न्यायचा नाही हे ठरलेलंच होतं. सगळं काम रस्त्यावरून, सकाळी दुकानं उघडायच्या आत.

तिपाईवर कॅमेरा फिरवताना भिंगातला एक विशिष्ट बिंदू जागचा हलता कामा नये. तो हलला की जवळच्या वस्तू मागच्या वस्तूंवरून सरकतात आणि ‘ह्यूजिन’ या प्रोग्रॅममध्ये फोटो जोडताना जोड उसवतो. इथे डोक्यावर तारांचं जाळं. चूक आधी तिथेच दिसते. मग येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे, गाड्यांचे नंबर धूसर करायचे. हाती येतं ते उंचीच्या दुप्पट रुंदीचं, ताणल्यासारखं सपाट चित्र.

‘पॅनेलम’ हा मुक्त प्रोग्रॅम तेच चित्र ब्राउझरमध्ये गोलाच्या आतून पाहिल्यासारखं दाखवतो आणि आयफ्रेम कोडची एक ओळ त्याला पानात बसवते. एवढं कुणालाही जमतं. वाचकाची पहिली नजर कुठे पडावी, हे मात्र ज्याचं त्यानेच ठरवायचं, आणि माझ्या मते खरं कसब तिथेच आहे. काही न सांगता सोडलं तर दृश्य चित्राच्या मध्यावर उघडतं. माझ्या चित्रात तिथे एक बंद शटर होतं. आडवा कोन बदलून गोपुर समोर आणलं, उभा कोन जरा वर नेला, गोपुरावर मराठीत टीप लावली.

मोबाइलवर वेगळीच अडचण. पान सरकवायला बोट लावावं तर चित्रच गरगर फिरतं आणि वाचक तिथेच अडकतो. म्हणून आधी साधा फोटो ठेवला. त्यावर बोट टेकवलं तरच दृश्य सुरू होतं. अनेक जुन्या फोनना ४०९६ पिक्सेलपेक्षा रुंद चित्र पेलत नाही, त्यामुळे मोठ्या चित्राचे तुकडे करावे लागले.

तयार दृश्याचा पर्यायही आहे. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू जुलै २०२२ मध्ये भारतात आलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत चेन्नईबरोबर पुणे, नाशिक आणि अहमदनगरही होतं. तिथलं दृश्यही पानात बसवता येतं, पण ते बदलणं वा काढून टाकणं गूगलच्या हाती. स्ट्रीट व्ह्यूचं स्वतंत्र ॲप मार्च २०२३ मध्ये बंदही झालं. आपल्या गावचा गड, वाडा, वेस टिपणाऱ्यांनी जोडलेली मूळ फाइल तारखेसह स्वतःजवळ जपून ठेवावी.