मुक्त, मोफत आणि विश्वस्त

इंग्रजी भाषेंतील 'फ्री' हा शब्द मोठा फसवा आहे. ज्याला दाम पडत नाहीं तें 'फ्री', आणि ज्यावर बंधन नाहीं तेंही 'फ्री'. मराठीनें हा घोटाळा होऊं दिला नाहीं. 'मुक्त' हा शब्द आपण संस्कृतांतील 'मुच्' धातूपासून घेतला, आणि 'मोफत' हा अरबी-फारसीच्या वाटेनें आला. पहिल्याचा संबंध बंधनाशीं, दुसऱ्याचा किंमतीशीं. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं अमेरिकेंत मुक्त संगणकप्रणालीचा उपक्रम जाहीर केला, आणि त्यानंतर हा भेद त्यांस आपल्या देशबांधवांना पुनःपुन्हां समजावून सांगावा लागला. आमच्या वाचकांस तो दोन शब्दांत कळतो. मात्र व्यवहारांत आपण तो पाळतों असें दिसत नाहीं.

हल्लीं कुटुंबें दूरदूर पांगलीं आहेत. आजी वर्ध्यास, मुलगा पुण्यास आणि नात अमेरिकेंत, अशी स्थिति घरोघर आहे. टेलिग्राम, डिस्कॉर्ड यांसारख्या ठिकाणीं चालणारे संभाषणाचे गट हीच आतां कित्येकांची ओसरी झाली आहे. तेथें गीतापठणाची वेळ ठरते, वधूवरांची माहिती दिली-घेतली जाते, नातवंडांचीं छायाचित्रें येतात, दुखण्याबाण्याचा समाचार घेतला जातो. अशा गटांत 'बॉट' नांवाचा एक यांत्रिक सेवक ठेवण्याची चाल आहे. तो नव्या सभासदाचें स्वागत करितो, पठणाची आठवण देतो, अपशब्द पुसून टाकितो. तो बहुधा फुकट मिळतो. कोणी हौशी तरुण रात्रीं जागून तो तयार करितो आणि पुष्कळदां त्याचा 'सोर्स कोड', म्हणजे ज्या लेखनानें तो चालतो तें मूळ लेखन, सर्वांस वाचावयास खुलें ठेवितो. यासच 'ओपन सोर्स' म्हणतात.

या सेवकाविषयीं आपल्या समाजांत दोन परस्परविरुद्ध वृत्ति दिसतात. तो एक दिवस बंद पडला तर जणूं पगारी नोकरानें रजा न मागतां घरीं राहावें, तसा त्याच्या कर्त्यावर राग काढला जातो. उलटपक्षीं, त्याचें लेखन खुलें आहे एवढ्यावर त्यास घराची किल्ली निःशंकपणें दिली जाते. आमच्या मतें या दोन्ही वृत्ति एकाच अविचारांतून निघाल्या आहेत. येथें एकाच वेळीं दोन निराळे व्यवहार होत असतात: एक दानाचा व दुसरा ठेवीचा. त्यांचे धर्म वेगळे आहेत.

प्रथम दानाचा विचार करूं. आमच्या वर्धा जिल्ह्यास हा विषय परका नाहीं. पुढें ज्यांनीं सेवाग्राम ही आपली कर्मभूमि केली, त्या गांधीजींनीं १९१० सालीं 'हिंद स्वराज्य' या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ति काढिली, तेव्हां कोणतेही हक्क राखून ठेविले नसल्याचें त्यावर छापिलें होतें. १९२९ सालीं अखिल भारत चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं १ लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. यंत्र झोंपडींत चालावें, त्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, आणि डागडुजी करीत तें निदान २० वर्षें टिकावें, अशा त्याच्या अटी होत्या. तें बक्षीस कोणासही मिळालें नाहीं. पण अटींमागील दृष्टि ध्यानांत घेण्यासारखी आहे. सूत कातणारणीस यंत्र नुसतें मिळून भागत नाहीं, तें तिच्या आवांक्यांतलें असावें लागतें. खुल्या लेखनाचेंही मर्म हेंच. कर्ता उद्यां निघून गेला तरी दुसऱ्या कोणास तें लेखन उचलून पुढें चालवितां येतें.

परंतु ज्यानें हें दान केलें त्यावर आपला हक्क किती? मुळींच नाहीं. अशा लेखनासोबत जो परवाना असतो, त्यांत कसलीही हमी नसल्याचें बहुधा स्पष्ट लिहिलेलें असतें. दात्यानें गाय दिली. तिच्या वैरणीचें बिल त्याच्याकडे धाडणें हें सभ्यतेस सोडून आहे.

तगादा किती महाग पडतो, याचें उदाहरण ताजें आहे. 'एक्सझेड' नांवाचें, फायली आटोपशीर करणारें एक खुलें साधन जगभरच्या असंख्य संगणकांत असतें. तें अनेक वर्षें मुख्यत्वें लासे कॉलिन हे एकटे गृहस्थ विनावेतन सांभाळीत होते. काम मंदगतीनें चालतें म्हणून २०२२ सालीं कांहीं अनोळखी नांवांनीं त्यांस टोचण्यास आरंभ केला. तेव्हां 'जिआ तान' असें नांव धारण करणारा एक तत्पर मदतनीस पुढें आलेलाच होता. हळूहळू अधिकार त्याच्या हातीं गेले. सुमारें दोन वर्षें सचोटीनें काम केल्यावर २०२४ च्या आरंभीं त्यानें त्या साधनांत चोरदरवाजा बसविला. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्ध्या सेकंदाचा विलंब होतो असें जाणवलें, त्यांनीं त्याचा माग काढिला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं हें कारस्थान उघडकीस आलें. यांत आणखी एक गोष्ट आहे. खुल्या लेखनांत तें कपट पुरतें दिसत नव्हतें. त्याचा एक कळीचा भाग केवळ वाटपासाठीं बांधलेल्या गाठोड्यांत होता. दाखविलें एक आणि पोंचविलें दुसरें!

येथून दुसऱ्या व्यवहाराकडे, म्हणजे ठेवीकडे वळूं. मनुस्मृतींत व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं आहेत. त्यांत ऋणादानानंतर लगेच निक्षेपाचें, म्हणजे ठेवीचें पद येतें. याज्ञवल्क्यस्मृतींत तर उपनिधीचें स्वतंत्र प्रकरणच आहे. निक्षेप म्हणजे मोजून, दाखवून ठेविलेली ठेव. उपनिधि म्हणजे आंत काय आहे तें न सांगतां मोहोरबंद करून दिलेली. आपला गट बॉटाच्या स्वाधीन करितांना आपण आपलें संभाषण त्याच्या कर्त्याकडे ठेव म्हणून देत असतों. कारण बॉट डिस्कॉर्डच्या वा टेलिग्रामच्या घरीं राहत नाहीं. तो कर्त्याच्या स्वतःच्या किंवा त्यानें भाड्यानें घेतलेल्या संगणकावर चालतो, आणि त्यास दिसणारा प्रत्येक संदेश तेथें पोंचतो. प्रकाशित लेखन आपण वाचूं शकतों. परंतु त्या दूरच्या संगणकावर तेंच लेखन चालू आहे कीं त्यांत चार ओळी अधिक आहेत, हें आपणांस बाहेरून दिसत नाहीं. लेखन खुलें असलें तरी चालता बॉट मोहोरबंदच राहतो.

ही अडचण जाणत्यांच्या ध्यानांत आलेली आहे. दूरच्या संगणकावर बदललेली प्रणाली चालविणाऱ्यानें तें बदललेलें लेखनही वापरणाऱ्यांस उपलब्ध करून द्यावें, अशी अट २००७ च्या 'एफेरो' परवान्यांत आहे. डिस्कॉर्डनें १ सप्टेंबर २०२२ पासून मोठ्या बॉटांस संदेशांतील मजकूर वाचण्यासाठीं वेगळी मंजुरी आवश्यक केली. टेलिग्रामवर गटांतील बॉटास मूळ व्यवस्थेनुसार मुख्यत्वें त्यास उद्देशून दिलेल्या आज्ञाच दिसतात. आपण त्यास गटाचा प्रशासक केलें कीं सर्व संभाषण त्यापुढें उघडें होतें. म्हणजे कुलूप आहे. तें आपणच काढून ठेवितों.

आमच्या घरांत असें गुपित तें काय, असें कोणी विचारील. मुलीचें शिक्षण, वय व पत्ता, सुनेचें आजारपण, घर कोणत्या आठवड्यांत बंद राहणार, हीं सर्व परक्याच्या हातीं पडूं नयेत अशींच गुपितें होत. गांधीजींनीं धनिकांस विश्वस्तवृत्तीचा उपदेश केला. जो दुसऱ्याची माहिती बाळगतो त्यासही तो तितकाच लागू आहे. २०२३ च्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाविषयींच्या भारतीय कायद्यानें माहितीच्या वापराचा हेतु व रीत ठरविणाऱ्यास 'फिड्युशियरी', म्हणजे विश्वासानें दुसऱ्याचें सांभाळणारा, हेंच नांव दिलें आहे.

तेव्हां अपेक्षांची वांटणी अशी व्हावी. नवी सोय करून द्या, आजच दुरुस्त करा, कायम चालवा, असें विनामूल्य देणाऱ्यास सांगण्याचा आपणांस अधिकार नाहीं. परंतु आमचे संदेश सांठवितां काय, किती दिवस, कोणास दाखवितां, आणि बंद करितांना पुसून टाकाल काय, हें विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. हौस म्हणून फुकट दिलें, हें या प्रश्नांस उत्तर होत नाहीं. दान देणारा निर्ऋण असतो. ठेव घेणारा नसतो.

घेणाऱ्याचेंही कर्तव्य आहे. १९५१ सालीं पवनारहून निघालेल्या विनोबांना १८ एप्रिल रोजीं पोचमपल्लीस १०० एकरांचें पहिलें भूदान मिळालें. पुढें देशभर जमिनी मिळाल्या, त्यांत कांहीं खडकाळ निघाल्या, तर कांहींच्या मालकीविषयीं तंटे होते. दानाचें मोल त्यानें कमी होत नाहीं. परंतु मोजणी, कागद आणि मशागत यांवांचून दानाच्या जमिनींत पीक येत नाहीं. बॉट घेतांना तो कोणत्या परवानग्या मागतो हें गटांतील एका जाणत्यानें वाचावें. आठवण देणाऱ्यास प्रशासकाचे अधिकार कशाला हवेत? काम संपलें कीं त्यास काढून टाकावें. घरांत संगणक जाणणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर 'रेड' सारखा खुला बॉट स्वतःच्या संगणकावर चालवितां येतो. मग ठेव घरींच राहते. आणि जो बॉट रोज उपयोगीं पडतो, त्याच्या कर्त्यास वर्षाकांठीं चार पैसे पाठवावे, निदान आभाराचें एक पत्र तरी लिहावें. वाराच्या मुलास जेवूं घालणें ज्या घरांना जड झालें नाहीं, त्या घरांना हें जड जाऊं नये.